ट्रेसच्या रकान्यातलं नाव

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असं मला आईने शिकवलं होतं आणि लग्नानंतर मी ते पाळलंही. या गोष्टीत मात्र घेते. विजयकुमार. 'आमचे हे' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई लाडात येऊन सांगतेय. यात लाडाचं काही नाही.

मी रत्नमाला. भिलाईच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलीने ड्रॉइंग काढतो, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हे ट्रेसरचं काम. त्या ट्रेसिंगवरून अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट निघतात आणि त्या हातात घेऊन खाली शॉपमध्ये, कारखान्याच्या कार्यशाळेत, लोक कामाला लागतात. रेघ चुकली की पाइप चुकतो. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात रकाने असतात: डिझाइन कोणाचं, ट्रेस कोणी केलं, तपासलं कोणी. काही बिघडलं की साहेब लोक आधी तो कोपरा बघतात, ड्रॉइंग नंतर. आणि माझ्या ट्रेसिंगला चेकरची लाल पेन्सिल लागत नसे. हे मी फुशारकीने सांगतेय आणि सांगणारच, कारण माझं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं.

आमचे हेड ड्राफ्ट्समन नरहरी कोलते. मूळचे भंडाऱ्याकडचे, बोलायला कमी. सत्याऐंशी साली पोळ्याच्या सुमारास त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"बाई, यंदा ड्राफ्ट्समनच्या परीक्षेसाठी तुमचं नाव देऊन राहिलो मी," ते म्हणाले. "तयारी ठेवा."

ट्रेसरची ड्राफ्ट्समन होणं म्हणजे दुसऱ्याची रेघ गिरवणं संपून स्वतःची रेघ काढणं. आमच्या ऑफिसात तोवर एकही बाई त्या खुर्चीवर बसली नव्हती. मी घरी येताना वाटेत लुना थांबवून सिव्हिक सेंटरमधून पेढे घेतले. विजयकुमार खूश झाले. निदान तसं दिसलं तरी.

ते कारखान्यातच, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये चार्जमन होते. भट्टीचं तापमान, दाब दाखवणारी पॅनेल सांभाळायची. त्यांचे साहेब श्यामराव वैरागडे. या श्यामरावांच्या मेहुण्याने विलायतेहून एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. रबराची बटणं, टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवर ठेवायचे. साहेबांच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये दर रविवारी त्याच्याभोवती मंडळ जमायचं. त्यात तेलुगू होते, बंगाली होते, नंदिनी नगरच्या खाणीवरच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर पंजाबराव बसने यायचे. सगळ्यांची एकच रड. मशीनची मेमरी एवढीशी, की जरा मोठा प्रोग्राम लिहायला गेलं की मधेच जागा संपायची.

मग श्यामरावांनी ठरवलं, मेमरी वाढवणारं बोर्ड आपणच बनवायचं आणि ज्यांच्याकडे असं मशीन असेल त्या सगळ्यांना त्याचं ड्रॉइंग वाटायचं. फुकट. "आपल्याला जमलं ते दुसऱ्याला पण जमलं पायजे," असं ते म्हणायचे आणि त्यांच्या मनात खरोखर तेच होतं. माणूस थोडा गर्विष्ठ, पण कोता नाही.

बोर्ड म्हणजे तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी. हवे तेवढे पट्टे रंगाने झाकायचे, पाटी द्रावणात बुडवायची, उरलेलं तांबं विरघळून जातं आणि पट्टे राहतात. त्या पट्ट्यांवर मेमरीच्या चिप बसवायच्या. पट्टे कुठून कुठे जातील ते श्यामरावांनी पेन्सिलीने काढलं. पहिलं बोर्ड त्यावरून विजयकुमारांनी बनवलं. सुरुवातीला ते चालेना. थोडा वेळ नीट चालायचं, गरम झालं की टीव्हीवर सगळी खिचडी व्हायची. मग एका रविवारी आपोआप चालायला लागलं. दुपारभर चालू ठेवलं तरी ढिम्म हललं नाही. "नवीन मशीन आहे, रुळाले वेळ लागते," असं म्हणत साहेबांनी सगळ्यांना कमलिनी वहिनींच्या हातची भजी खाऊ घातली.

ते पेन्सिलशीट ट्रेस करायला माझ्याकडे आलं.

"वहिनी, तुमच्या हाताचं ट्रेसिंग असलं म्हणजे कोणी बोट ठेवणार नाई," श्यामराव म्हणाले.

मी ते रिसालीच्या आमच्या क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर केलं. त्याच टेबलावर, लग्न नवीन असताना, मी विजयकुमारांना शाईची रेघ पुसायला शिकवलं होतं. त्यांना पॅनेलची चित्रं काढावी लागायची आणि रबराने पुसून ते कागद फाडून ठेवायचे. मी अर्धं ब्लेड त्यांच्या बोटांत धरून दाखवलं. आडवं धरायचं, दाब द्यायचा नाही, हलकेच खरवडायचं आणि शेवटी नखाच्या पाठीने घासून कागद गुळगुळीत करायचा. नाही घासलं तर नवी शाई पसरते आणि खाडाखोड उजेडात कळते. त्या वेळी त्यांचा हात माझ्या हातात होता आणि आम्ही दोघं हसत होतो. तेव्हा मी फार सुखात होते, हे लिहिताना आता मला माझाच राग येतो.

बोर्डाचं ट्रेसिंग झालं तसं मी सवयीने खालच्या कोपऱ्यात रकाने आखले. घरगुती कामाला रकाने कशाला, असं कोणालाही वाटेल. पण ड्रॉइंग म्हटलं की कोपरा हवाच, ऑफिसच्या माणसाला त्याशिवाय ते उघडं-नागडं वाटतं. डिझाइन, श्यामराव वैरागडे. ट्रेस, रत्नमाला. तपासलं, विजयकुमार. त्यांनी पेन्सिलशीट शेजारी ठेवून बोट फिरवत तपासलं आणि सही केली. नरहरी साहेबांची परवानगी घेऊन मी ऑफिसच्या मशीनवर प्रिंट काढल्या. त्या रायपूरला गेल्या, नागपूरला गेल्या, जबलपूर-राउरकेल्याला पोस्टाने गेल्या. पाकिटावर मागे 'भिलाई, मध्य प्रदेश' लिहिताना मला वाटायचं, आपलं नाव फिरायला निघालं.

दिवाळीनंतर पत्रं यायला लागली. सगळ्यांची तक्रार एकच. बोर्ड चालतं आणि गरम झालं की बिघडतं. पंजाबराव तर स्वतःच आले. त्यांनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बोर्ड लावून मुलांचा मोठा प्रोग्राम ठेवला होता, जवळच्या अहिवाऱ्याचे पालक बघायला आले होते, आणि ऐन वेळी पडद्यावर खिचडी. मुलं रडली म्हणे.

श्यामराव गोंधळले. त्यांच्या घरचं बोर्ड तर उत्तम चालत होतं. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून टाकलं होतं आणि महिनोन् महिने कोणी उघडलं नव्हतं.

"डिझाइन सेम, चिप सेम," ते म्हणाले. "मग फरक कुठं पडून राहिला, विजय?"

मी तिथेच होते, स्वयंपाकघराच्या दाराशी, कपबश्या घेऊन. विजयकुमारांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"साहेब, ट्रेसिंगमदी एक लाइन सुटली असंल," ते म्हणाले. "मी पाहतो."

पुढच्या रविवारच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं. एका चिपचा एक पाय कुठेच जोडलेला नाही, हवेत लटकतोय, म्हणून थंड असताना चालतं आणि तापलं की भरकटतं. पेन्सिलशीटमध्ये ती रेघ आहे. ट्रेसिंगमध्ये नाही. तपासताना त्यांच्याही नजरेतून निसटली.

कोणी मला टाकून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. पंजाबराव नुसतं म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातून कशी काय राहिली?" आणि मग घाईने विषय बदलला, मला वाईट वाटू नये म्हणून. बंगाली गृहस्थांनी माझी बाजू घेत सांगितलं की घरचं सगळं बघून बाईमाणसाचं होतंच असं. मी हसले. हसल्याशिवाय दुसरं काय करणार?

घरी येऊन मी पेन्सिलशीट मागितलं.

"साहेबाले वापस दिलं ना," विजयकुमार म्हणाले. "आता कायले जीव जाळून राहिली? होते चूक माणसाकडून."

साहेबांच्या दारात जाऊन 'दाखवा माझी चूक' म्हणण्याचं मला तोंड नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला शंकाही आली नाही. चेकरने बघितलं म्हणजे बघितलं, एवढ्यावर तर आमचं सगळं ऑफिस चालतं. मी प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर लिहिलं, की रेघ माझ्याकडून सुटली, क्षमा असावी, सुधारलेली प्रिंट पाठवते. आणि नरहरी साहेबांनाही जाऊन सांगितलं. मशीन त्यांच्या परवानगीने वापरलं होतं, त्यांना बाहेरून कळलं असतं तर ती फसवणूक झाली असती.

त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"बरं केलं सांगितलं ते," ते म्हणाले. दोन दिवसांनी परीक्षेची यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. मी विचारलं नाही, पण ते आपणहून टेबलाशी आले. "पुढच्या साली पाहू, बाई. आता थोडे दिवस तुमच्या शीट दोनदा चेक करून घेऊ. मनावर घेऊ नका."

माझ्या शीट दोनदा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. घरी विजयकुमारांना सांगितलं तर ते पानावरून न उठता म्हणाले, "पुढच्या साली होऊन जाईन. तू कुठं चालली रिटायर होऊन?" त्याच आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या प्रमोशनसाठी श्यामरावांनी चांगला अहवाल लिहिला होता. मी त्या दिवशी शिरा केला.

पण हात ऐकत नव्हता. मी रेघा ओढताना थांबायला लागले. एवढी वर्षं न सुटलेली रेघ सुटली कशी? कुठे वळताना सुटली? त्या वेळी कुकर लावला होता का, दारावर कोणी आलं होतं का? मला ती जागा डोळ्यांनी बघायची होती. म्हणजे पुन्हा तिथे आल्यावर हात सावध राहील. एका शनिवारी हाफ डे होता. प्रिंट घेतली, लुना काढली आणि सेक्टर दहाला गेले. श्यामराव प्लांटमध्ये होते. कमलिनी वहिनी मटार सोलत होत्या.

"वहिनी, मले ते बोर्ड एकदा पाहू द्या," मी म्हणाले. "माझी रेघ कुठं राहिली ते पाहतो म्हणलं."

"उघडा ना बाप्पा, डबाच तर आहे," त्या म्हणाल्या.

मी डब्याचे स्क्रू काढले. प्रिंट शेजारी पसरली आणि ऑफिसात करतो तसं बोट ठेवून एकेक पट्टा जुळवायला सुरुवात केली. ही पाटी पेन्सिलशीटवरून बनलेली. म्हणजे माझी सुटलेली रेघ हिच्यावर असायला हवी. मी त्या पायापाशी आले. पट्टा नव्हता. तांब्याच्या पाटीवर तो पाय माझ्या ट्रेसिंगइतकाच एकटा उभा होता. मी पुन्हा पहिल्यापासून आले. नव्हताच.

मग मी पाटी उलटी केली.

पाठीमागून त्या पायाला एक हिरवी तार जोडलेली होती. डाग देण्याआधी पायाला दोन वेढे घालून घट्ट केलेली. भट्टीच्या पॅनेलमध्ये हादऱ्याने तार सुटू नये म्हणून विजयकुमार तसे वेढे घालतात, घरच्या इस्त्रीलाही घालतात. आणि तार गेल्या वर्षीच्या आमच्याच गणपतीच्या दिव्यांच्या माळेची होती. उरलेलं वेटोळं आमच्या माळ्यावर पडलं होतं.

"हे हिरवं कधी लागलं हो, वहिनी?"

"ते? ते तर भाऊजींनी लावलं," वहिनी मटार सोलता सोलताच म्हणाल्या. "पोळ्याच्या आधी. चालून नव्हतं राहिलं ना हे, तवा. साहेब आंघोळीले गेले होते. मले म्हणे, वहिनी, साहेबाले सांगू नका, त्यायच्या डिझाइनमधी राहून गेलं ते, उगीच मन खट्टू होईन त्यायचं. मी म्हटलं, किती जीव लावते बाई हा माणूस."

पोळ्याच्या आधी. म्हणजे पेन्सिलशीट माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मी ट्रेस करत असताना ते शेजारी बसून चहा पीत होते तेव्हा माहीत होतं. बोट फिरवून तपासलं आणि सही केली तेव्हाही.

प्लांटमध्ये हे रोज चालतं, हे मला ठाऊक आहे. पॅनेल अडलं की मागून तार मारायची, भट्टी चालू ठेवायची, आणि साहेबाच्या ड्रॉइंगला हात लावायचा नाही. साहेबाची चूक साहेबाला दाखवायची नसते. पुढे कधीतरी कोणीतरी ड्रॉइंग सुधारेल, असं म्हणायचं. हे मी समजू शकत होते. सुरुवातीचं सगळं मी समजून घेतलं असतं. मी स्क्रू जागेवर बसवले, वहिनींचा चहा घेतला आणि घरी आले. वाटेत लुना दोनदा बंद पडली, का मीच पाडली, आठवत नाही.

विजयकुमार पेपर वाचत होते.

"हिरवी तार पाहून आली मी," मी म्हणाले.

त्यांनी पेपर खाली ठेवला. नाकारलं नाही, एवढं म्हणायला हवं.

"तेव्हा ध्यानातून गेलं, रत्ना. सांगू सांगू म्हणता राहून गेलं. मग प्रिंट गेल्या. आता साहेबाले काय सांगू, तुमचं डिझाइन चुकलं आन् मले पोळ्यापासून माहीत होतं? रिपोर्ट लिहायचे दिवस होते."

"मंग माझं नाव कावून सांगितलं?"

"दुसरं कोणाचं सांगू?" ते म्हणाले. त्यांना खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं. "तू घरची. आन् तुले कोण काय म्हणणार? बाईमाणसाले लोक सोडून देतात."

"माझी परीक्षा गेली."

"मले काय माहीत तू ऑफिसात जाऊन स्वतःहून सांगशील म्हणून? तुले कोणी सांगितलं होतं?"

म्हणजे तेही माझंच. मी ओरडले. शेजारचे केवलराम व्हरांड्यात आले, इतकी ओरडले. विजयकुमार समजुतीच्या सुरात म्हणाले, की उद्याच्या बैठकीला सुधारलेलं ट्रेसिंग न्यायचं आहे, ते एकदा गेलं की सगळे विसरतील. मी कशी असेन तशी असेन, काम अडवून ठेवणारी नाही. पंजाबरावांच्या शाळेतली मुलं डोळ्यांसमोर होती. रविवारी सकाळी मी ट्रेसिंग काढलं आणि ती रेघ घातली.

सुधारणा केली की आमच्यात एक त्रिकोण काढतात, त्यात 'अ' लिहितात, आणि कोपऱ्यातल्या रकान्यांच्या वर सुधारणेचं कारण लिहितात. कारणाशिवाय सुधारणा जात नाही.

"ट्रेसिंगची चूक, एवढंच लिही," विजयकुमार म्हणाले. "तसंही सगळ्यांले माहीतच आहे."

मी लिहिलं: मूळ डिझाइनमध्ये जोड नव्हता. ट्रेसिंग बरोबर होतं. ऑफिसातल्यासारख्या सरळ, ठसठशीत अक्षरांत. कोणाचं वाईट लिहिलं नाही. तार कोणी लावली, कधी लावली, कोणी लपवलं, यातलं अवाक्षर नाही. तेवढी सवलत मी त्यांना दिली. मग ट्रेसिंग त्यांच्यासमोर सरकवलं आणि पेन दिलं. तपासणाऱ्याची सही बाकी होती.

त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. मग माझ्या पेटीतून अर्धं ब्लेड काढलं.

ते काय करतात ते मला बघायचं होतं. त्यांनी ब्लेड आडवं धरलं, दाब दिला नाही, हलकेच खरवडायला सुरुवात केली. आधी 'ट्रेसिंग बरोबर होतं' गेलं, मग वरचं वाक्य. शाईची भुकटी फुंकरीने उडवली. नखाच्या पाठीने घासलं. जरासुद्धा घाई नाही. इतक्या वर्षांत त्यांचा हात चांगला तयार झाला होता.

"मंग खालचं माझं नावही काढून टाका," मी म्हणाले.

मला वाटलं, आता तरी थांबतील. वर बघतील. निदान विचारतील, की खरंच काढू का. मी एवढीच वाट बघत होते, आणि ते थांबले असते तर, देवाशप्पथ, मी बाकी सगळं पोटात घातलं असतं.

त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. "हाव, हे बरोबर म्हणलं," ते म्हणाले. "नावच नाही तर कोणी बोलणारही नाई तुले." ब्लेडचं दुसरं टोक घेतलं, धार पाहिली आणि ट्रेसच्या रकान्यातलं माझं नाव एकेक अक्षर करून काढलं. घासलं. मग ट्रेसिंग खिडकीच्या उजेडाकडे धरून मला दाखवलं.

"पाह्य बरं, काही दिसते का?"

काहीही दिसत नव्हतं. मीच शिकवलं होतं.